लिनिअरमध्ये ‘फट्ट’ झालं, आता काय? हाय व्होल्टेज आर्किंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर शेतकऱ्यांच्या जळालेल्या सबमर्सिबल मोटारी आणि संध्याकाळी मागच्या खोलीत रेडिओ, असा दिनक्रम. माझा लिनिअर (रिगचा, म्हणजे रेडिओ सेटचा, सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) घरी बांधलेला, दोन ८१३ व्हॅक्यूम ट्यूब आणि त्यांच्या प्लेटवर २२०० व्होल्ट. आमच्या भागातले हॅम (हौशी रेडिओवाले) मित्र आर्किंगबद्दल, म्हणजे आत हाय व्होल्टेजने ठिणगी उडण्याबद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवतो.

फट्ट आवाज आला, फ्यूज उडाला. फ्यूज बदलून पुन्हा चालू करून पाहू का?

नका. आणि मोठा फ्यूज टाकून तर मुळीच नका. ‘जोर लावल्यावर दिसेल तरी कुठं जळते ते’ हा युक्तिवाद मी दहा वेळा ऐकला आहे. दिसतं खरं, पण तोवर मीटर, ग्रिडचा चोक (रेडिओ सिग्नल, म्हणजे आरएफ, अडवणारी कॉइल) आणि कधी कधी ट्यूबसुद्धा गेलेली असते.

फ्यूज हातात घेण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा. की, म्हणजे ट्रान्समिटचं बटण, दाबलेली होती का नव्हती? कोणता बँड होता? आवाज एकदाच फट्ट झाला की सूं-सूं करत राहिला? त्या क्षणी ग्रिड आणि प्लेटचे काटे कुठे गेले? एवढं नीट आठवलं तर अर्धं निदान झाकण न उघडता होतं. दुसऱ्या दिवशी कोणालाच काही आठवत नाही, म्हणून लगेच लिहा.

झाकण उघडायचं आहे. किती वेळ थांबायचं?

हिशोबच करून पाहू. समजा २७० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे आठ कपॅसिटर सिरीजमध्ये आहेत, प्रत्येकावर १०० किलोओहमचा ब्लीडर (साठलेली वीज रिकामी करणारा रेझिस्टर) आहे आणि एकूण ३००० व्होल्ट साठले आहेत. टाइम कॉन्स्टंट येतो २७ सेकंद. ३००० वरून ३० व्होल्टवर यायला दोन मिनिटांच्या थोडं वर लागतात. साठलेली ऊर्जा सुमारे १५० ज्यूल, म्हणजे माणूस जायला पुरून उरेल इतकी.

हा हिशोब ब्लीडर धड असेल तरच खरा. एक रेझिस्टर आतून तुटला की तो कपॅसिटर तासन्‌तास भरलेला राहतो. म्हणून प्लग काढून भिंतीवेगळा करा, मीटर शून्यावर येऊ द्या, वर पाच मिनिटं थांबा आणि मग शॉर्टिंग स्टिक (उरलेली वीज रिकामी करायची, वायर आणि क्लिप लावलेली काठी) लावा. आधी रेझिस्टरमधून, नंतर थेट चेसिसला (लिनिअरच्या धातूच्या सांगाड्याला). काम चालू असेपर्यंत ती क्लिप तिथेच अडकवलेली राहू द्या. काठी पीव्हीसी किंवा फायबरग्लासची घ्या. बांबूवर विसंबू नका, श्रावणात तो किती ओल धरतो ते आपल्याला माहीत आहे.

साध्या मल्टीमीटरची मर्यादा बहुधा १००० व्होल्ट असते. तो २०००-३००० वर लावला तर स्फोट हातात होतो. हाय व्होल्टेज प्रोब घ्या, नाहीतर लिनिअरच्या स्वतःच्या मीटरवर भागवा.

आणि एकटे असताना हे काम करू नका. मी पहिला लिनिअर उघडला तेव्हा शेजारचे काका दारातून ओरडले होते, “राजा, कायले हात घालून रायला तिथं? दवाखाना तीस किलोमीटरवर आहे ना!” तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

आर्क नेमका कुठला, हे ओळखायला सुरुवात कुठून करायची?

एकाच प्रश्नापासून: की न दाबता होतो की दाबल्यावरच होतो?

नुसतं हाय व्होल्टेज चालू केलं आणि फट्ट झालं, तर भांडण डीसीशी आहे. फिल्टर कपॅसिटर, रेक्टिफायरची पट्टी, प्लेट चोक, ब्लॉकिंग कपॅसिटर (डीसी अडवून आरएफ पुढे सोडणारा), ट्यूब आणि या सगळ्यांना जोडणारी वायर, एवढंच बघायचं. डीसीचा आर्क सहसा एकच दणका देतो, कारण फिल्टरमधली सगळी ऊर्जा एकदम रिकामी होते.

हाय व्होल्टेज तासभर शांत राहतं, पण बोलायला लागलं की सळसळ, सूं-सूं, ओझोनचा तो कडवट वास, तर भांडण आरएफशी आहे. हा आर्क तुमच्या आवाजाबरोबर नाचतो. ‘हॅलो’ म्हटलं की तेवढ्यापुरता पेटतो. आउटपुट धपकन पडतं, ग्रिड करंट उडी मारतो. इथे बघायचं ते ट्यून आणि लोड कपॅसिटर, बँडस्विच, कॉइल, रिले (अँटेना जोडणारा विजेवरचा स्विच) आणि बाहेरचा अँटेना.

लोक ही पायरी वगळतात आणि जिथे काळा डाग दिसला तिथेच दुरुस्ती करतात. डाग ही आर्कने निवडलेली सर्वात सोपी जागा असते, व्होल्टेज तिथे का चढलं ते मात्र दुसरीकडेच असतं. बँडस्विच जळतो आणि चूक निघते बाभळीच्या फांदीला टेकलेल्या डायपोल अँटेनाच्या टोकात. माझ्याकडे आलेल्या आर्किंगच्या तक्रारींत अँटेनाचाच वाटा मोठा आहे.

की न दाबताच फट्ट होतं. मग पुढे?

तुकडे पाडत जायचं. दुकानात मोटार तपासायला जो सिरीज बोर्ड असतो, तोच इथे कामाला येतो. हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला २०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाका. फक्त त्याच ट्रान्सफॉर्मरला, हीटरच्या नाही.

ट्यूबच्या प्लेटची टोपी काढा, बी प्लसची (हाय व्होल्टेजच्या धन टोकाची) वायर प्लेट चोकच्या आधी सोडवा आणि सप्लाय एकटा चालू करा. बल्ब क्षणभर भक्कन पेटून मंद झाला तर ठीक, कपॅसिटर भरले. पेटलेलाच राहिला तर दोष सप्लायमध्येच आहे. सप्लाय शांत निघाला तर बंद करा, डिस्चार्ज करा आणि चोक जोडा. पुन्हा चालू. मग ब्लॉकिंग कपॅसिटर, शेवटी ट्यूब. प्रत्येक पायरीला झाकण लावूनच वीज द्यायची. कंटाळवाणं आहे, पण दोन तासांत जागा सापडते. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर अजून बरं, व्होल्टेज हळूहळू चढवता येतं आणि आर्क कितीला सुरू झाला ते समजतं.

एक सावधगिरी: प्लेट व्होल्टेज नसताना ट्यूबला ड्राइव्ह (रिगमधून येणारा सिग्नल) देऊ नका. सगळा करंट ग्रिडमधून जातो आणि ग्रिड वितळते.

मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून चालेल?

आमच्या धंद्याचं हत्यार आहे, मला आवडतंच. १००० व्होल्टचा मेगर ओली घाण हमखास पकडतो. पण आधी फिल्टर कपॅसिटर, ब्लीडर आणि डायोड वेगळे करा. अजून एक गोष्ट हटकून विसरली जाते. आउटपुटला जमिनीकडे जाणारा सेफ्टी चोक असतो, तो सोडवला नाही तर ट्यून कपॅसिटर चेसिसला शॉर्टच दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो.

स्टीटाइटच्या इन्सुलेटरवर मेगर अनंत दाखवायला हवा. २०-३० मेगओहम आला तर पुसा, वाळवा, पुन्हा मोजा. मात्र १००० व्होल्टला पास झालेली वस्तू २५०० ला पास होईलच असं नाही. मेगरने नापास केलं तर विश्वास ठेवा, पास केलं तर अर्धाच ठेवा.

सगळे म्हणतात ट्यूब गॅसी झाली. कसं कळेल?

ट्यूब महाग असते, म्हणून दोष आधी तिच्याच माथी मारला जातो. काचेच्या ज्या ट्यूबमध्ये आतून आरशासारखा चकाकता गेटर (उरलासुरला गॅस शोषणारा लेप) असतो, तो दुधी पांढरा झाला असेल तर हवा शिरली, ती ट्यूब संपली. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळसर झाक बहुतेक निरुपद्रवी असते. इलेक्ट्रोडच्या मधल्या जागेत जांभळा-गुलाबी धूर भरल्यासारखा प्रकाश दिसला तर मात्र गॅस आहे.

वर्षानुवर्षं डब्यात पडून असलेली जीयू-७४बीसारखी सिरॅमिक ट्यूब पहिल्याच दिवशी पूर्ण व्होल्टेजवर टाकू नका. हीटर काही तास नुसता चालू ठेवा, मग व्होल्टेज कमीपासून चढवा. ३-५००झेडचं वेगळं आहे. तिचा गेटर प्लेटवर असतो आणि प्लेट तापून लालसर झाली तरच काम करतो. ती लाली पाहून घाबरून बंद करणारे पुष्कळ भेटले. तिच्या फिलामेंटला ५ व्होल्ट हवेत, पाव व्होल्ट इकडे-तिकडे, आणि पिनांना वारा हवाच.

ट्यून कपॅसिटरमध्ये ठिणग्या दिसतात. पात्यांमधलं अंतर कमी पडतं का?

कधी कधी. पाठ्यपुस्तकात हवेला मिलिमीटरला ३००० व्होल्ट दिलेले असतात, पण ते गुळगुळीत, सपाट पृष्ठभागांचे. कपॅसिटरच्या पात्यांना कडा असतात, म्हणून प्रत्यक्षात १.८ मिलिमीटरच्या फटीला ३००० व्होल्ट पीक धरतात. प्लेटवर ३००० व्होल्ट डीसी असेल तर ब्लॉकिंग कपॅसिटरच्या पुढे आरएफचं पीक साधारण २४००-२५०० येतं. म्हणजे नीट लोड केलेल्या लिनिअरमध्ये ही फट पुरायला हवी.

पुरत नाही ती लोडिंग हलकं राहिलं म्हणून. पाय (π) नेटवर्कमध्ये, म्हणजे ट्यून कपॅसिटर, कॉइल आणि लोड कपॅसिटर यांच्या आउटपुट सर्किटमध्ये, लोड कपॅसिटर जास्त मिटलेला (पाती एकमेकांत शिरलेली) असला की अँटेनाकडे ऊर्जा कमी जाते आणि ती टँकमध्येच, म्हणजे त्याच सर्किटमध्ये, उसळते. ओळखायची खूण सोपी: ग्रिड करंट चढलेला, प्लेट करंटचा डिप फार खोल, आउटपुट मात्र बेताचं. अशा वेळी लोड थोडा उघडा, ट्यूनने पुन्हा पीक घ्या, असं दोन-तीनदा करा. ठिणगी बहुतेकदा तिथेच थांबते. ड्राइव्ह कमी करून ट्यून करायचं आणि मग ड्राइव्ह वाढवून तसंच बोलत राहायचं, ही आपल्याकडची जुनी खोड याच्या मुळाशी असते.

ठिणगी लोड कपॅसिटरमध्ये असेल तर गोष्ट उलटी. तिथे पुष्कळांनी जुन्या रेडिओचा गँग कंडेन्सर लावलेला असतो आणि तो चालतोही, कारण ५० ओहमवर ४०० वॉटला पीक फक्त २०० व्होल्ट असतं. तो गँग तडतडला तर गँगला दोष देऊ नका. केबलचं टोक उघडं पडलंय, बॅलन (केबल आणि अँटेना यांच्यामधला ट्रान्सफॉर्मर) गेलाय, किंवा डायपोलची वायर तुटून तुरीत पडली आहे. डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर) लावून पाहा. तिथे शांत असेल तर शिडी घ्या आणि बाहेर जा.

डमी लोड म्हणून घरातले बल्ब लावू नका. गरम-थंड होताना त्यांचा रेझिस्टन्स बदलतो आणि तुमचं ट्यूनिंगच खोटं ठरतं.

फक्त एकाच बँडवर आर्क होतो.

दोन संशयित. एक, बँडस्विचचा त्याच बँडचा संपर्क ढिला किंवा काळा झालाय. की दाबलेली असताना स्विच फिरवलात का, हे स्वतःला खरंखरं विचारा. एकदा फिरवला तरी पुरतो. दुसरा, प्लेट चोक. चोकच्या वेढ्यांना स्वतःचा सिरीज रेझोनन्स असतो. तो नेमका त्या बँडवर पडला तर चोक तिथे चोक राहत नाही, मधल्या वेढ्यांत जळतो. २० आणि १५ वर ठणठणीत असलेला लिनिअर १७ मीटरवर धूर काढतो तो यानेच. नॅनोव्हीएनएवर (रेझोनन्स मोजायच्या छोट्या यंत्रावर) चोकची टोकं शॉर्ट करून डिप शोधा आणि काही वेढे कमी करून तो बँडच्या बाहेर ढकला.

नेहमी पहिल्याच शब्दाला फट्ट होतं, नंतर ठीक.

रिले. तुमच्या रिगचा आरएफ आधी पोचतो आणि लिनिअरचा उघडा रिले मागाहून बसतो. १५-२५ मिलिसेकंद अँटेना कुठेच जोडलेला नसतो. रिगच्या मेनूत ट्रान्समिट डिले असेल तर वाढवा. काही रिग ४० वॉटवर ठेवल्या तरी पहिल्या क्षणाला पूर्ण १०० वॉटचा झटका देतात, तोही लक्षात घ्या.

पावसाळ्यात जास्त होतं, हे खरं की भास?

खरं, पण कारण वेगळं. दमट हवेमुळे मोकळी फट फारशी दुबळी होत नाही. दुबळा होतो तो पृष्ठभाग. उन्हाळाभर साचलेली आपली काळी धूळ, चुलीचा धूर आणि त्यावर भादव्यातली ओल, असा थर झाला की इन्सुलेटरवरून वीज सरपटते. मृगाच्या आधी एकदा आणि पोळ्यानंतर एकदा आतून साफसफाई, हा माझा नेम आहे.

उन्हाळ्याचंही थोडं देणं असतं. हवा तापली की विरळ होते. डब्यात ७० अंश झाले तर २० अंशांच्या मानाने घनता सुमारे १५ टक्क्यांनी घटते आणि फटीची ताकदही जवळजवळ तेवढीच. मे महिन्यात दुपारी बोलायची हौस असेल तर हे धरून चाला. ब्लोअरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं मी तीनदा काढलं आहे.

पण आमच्याकडचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा.

कापसाचा आणि आर्किंगचा काय संबंध?

यवतमाळ जिल्ह्यातला एक मित्र. भाव वाढायची वाट बघत घरातल्या दोन खोल्या छतापर्यंत कापसाने भरलेल्या, आणि तिसऱ्या खोलीत लिनिअर. दर पाचव्या-सहाव्या वाक्याला फट्ट. त्याने दोन ट्यूब बदलल्या, ट्यून कपॅसिटर बदलला, अँटेना उतरवून पुन्हा चढवला. मी गेलो, डमी लोड लावला, तरी तेच. म्हणजे बाहेरचं काही नाही.

रात्री खोलीतला दिवा घालवला आणि झाकण जागेवर ठेवून वरच्या जाळीच्या भोकांतून हातभर लांबून बघत बसलो. तो बोलत होता. ट्यून कपॅसिटरच्या एका पात्यावर कापसाचा एक तंतू होता, जेमतेम नखाएवढा. एरवी आडवा पडलेला. तो बोलला की तंतू उठून ताठ उभा राहायचा आणि समोरच्या पात्याकडे झुकायचा. थांबला की पुन्हा आडवा. पाचव्या-सहाव्यांदा टोकाला निळा ठिपका आला, तंतू लाल झाला, दिसेनासा झाला आणि मागोमाग फट्ट. ब्लोअर लगेच दुसरा तंतू आणून ठेवायला मोकळा.

इलाज: ब्लोअरच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी, दर आठवड्याला झटकायची, आणि जाळीमुळे वारा फार कमी होत नाही ना ते बघायचं. मुख्य म्हणजे लिनिअर कापसाच्या घरातून हलवायचा. फट्ट झालं त्या क्षणी ठिणगी आणि रुई यांच्यात एक भिंत होती, एवढंच आमचं नशीब.

असं डोळ्याने बघणं जमत नसेल तर जुना मोबाइल जाळीवर ठेवून अंधारात व्हिडिओ काढा आणि एकेक फ्रेम पुढे करत बघा. ठिणगीची जागा एखाद्या फ्रेममध्ये सापडते. आरएफमुळे मोबाइल वेडावला तर थोडा लांब ठेवा.

रात्री दहानंतरच आर्क का होतो?

पंप बंद झाले की गावाचं व्होल्टेज चढतं. २३० ला ३००० व्होल्ट देणारा सप्लाय २६० ला जवळपास ३४०० देतो. आठ कपॅसिटरांच्या माळेत प्रत्येकावर ४२४ व्होल्ट आणि मर्यादा ४५०. ब्लीडरांत थोडी तफावत असली की एखादा पार जातो. ट्रान्सफॉर्मरला वरचे टॅप असतील तर वापरा. संध्याकाळी १८० व्होल्टला सोयीचा म्हणून लावलेला खालचा टॅप रात्री विसरून तसाच राहतो, तोच हा आर्क.

जळकी जागा साफ कशी करायची?

ॲल्युमिनियमच्या पात्यावर खड्डा किंवा टोक आलं असेल तर बारीक कानसीने आणि झिरो पेपरने गुळगुळीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्टील वूल लावू नका, त्याचे तुकडे पुढचा आर्क घडवतात. सिरॅमिक पुसून वाचतं. बॅकेलाइट किंवा फायबरवर कोळशाची रेघ उमटली असेल तर खरवडून भागत नाही, तो भाग बदला. तिथे पेन्सिलने खुणाही करू नका, शिसं म्हणजे ग्रॅफाइटच.

सोल्डरचं अणकुचीदार टोक राहू देऊ नका, गोल थेंब करा. काळी पीव्हीसी टेप गुंडाळून हाय व्होल्टेज थांबत नाही. आमच्या दुकानातल्या वार्निशनेही नाही, ते घाणीवर लावलं तर घाण कायमची होते. वायर बदलायची तर आरजी-२१३ ची जाळी काढून आतला गाभा वापरा, किंवा जुन्या स्कूटरची हाय टेन्शन केबल. ती तांब्याच्या तारांची आहे ना ते पाहून घ्या, कार्बनवाली असेल तर ठेवून द्या.

हे सगळं पॅरासिटिक ऑसिलेशनमुळे (लिनिअर नको त्या फ्रिक्वेन्सीवर आपोआप चालू लागल्यामुळे) होतं, असं एकाने ठासून सांगितलं.

होऊ शकतं. यावर जगभरच्या हॅममध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहे आणि मला त्यात पडायचं नाही. प्लेटजवळच्या, हे ऑसिलेशन दाबणाऱ्या सप्रेसरचा रेझिस्टर मोजा. ५० ओहमचा २०० झाला असेल किंवा फुगला असेल तर बदला. पण हे निदान सर्वात शेवटी करायचं, तंतू, अँटेना आणि रिले हे तिन्ही निर्दोष सुटल्यावर.

ग्लिच रेझिस्टर लावायलाच हवा का?

हो. बी प्लसच्या वाटेत २५ ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर असेल तर ३००० व्होल्टचा शॉर्टसुद्धा १२० अँपिअरवर अडतो. नसेल तर किती जाईल याला धरबंध नाही. सोबत बी मायनस आणि चेसिसच्या मध्ये उलटसुलट जोडलेले दोन १एन५४०८ डायोड टाका. बी मायनस (ऋण टोक) सहसा मीटरच्या शंटमधून (मीटरला समांतर लावलेल्या रेझिस्टरमधून) चेसिसला जातं. डायोड नसतील तर आर्कच्या क्षणी संपूर्ण हाय व्होल्टेज त्या शंटवर येतं आणि मीटर जातो. आर्कनंतर काटा हलेनासा झाला असेल तर हीच कथा. दोन डायोडला चहाइतके पैसे लागतात, मीटर शोधायला नागपूरच्या फेऱ्या.

ब्लॉकिंग कपॅसिटर शॉर्ट झाला तर?

अँटेनावर थेट हाय व्होल्टेज डीसी जातं. म्हणून तो सेफ्टी चोक, आउटपुटवरून चेसिसला. तो असला की फ्यूज उडतो. मेगर लावताना सोडवलेला चोक परत जोडलात का, ते आत्ता जाऊन बघा.

ट्रान्झिस्टरचा लिनिअर घेतला तर ही कटकट संपेल?

५० व्होल्टवर चालणाऱ्या एलडीमॉस ट्रान्झिस्टरमध्ये प्लेट सप्लायचा प्रश्नच नाही. आउटपुट फिल्टरचे कपॅसिटर आणि रिले तिथेही जळतात, आणि तुटलेला अँटेना ट्यूब जितका वेळ सोसते तितका ट्रान्झिस्टर सोसत नाही. मी अजून ८१३ वरच आहे.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरवर सप्लाय बांधू का? भंगारात स्वस्त मिळतो.

त्याच्या हाय व्होल्टेज वाइंडिंगचं एक टोक गाभ्यालाच जोडलेलं असतं, शिवाय करंट द्यायची ताकद भरपूर. जीव घेण्यात याचा हात धरणारं भंगारात दुसरं काही नाही. जनरल ग्रेडच्या हॅम परवान्याला ४०० वॉटचीच परवानगी आहे, तेवढ्यासाठी हव्या त्या व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर कोणताही चांगला वाइंडर भरून देतो. फक्त त्याला आधीच सांगा की हाय व्होल्टेजच्या थरांमध्ये कागद दुप्पट टाक. आम्ही लोक सवयीने मोटारीएवढाच टाकतो.